उलिंगावची आंघोळ

ज्या जनावराला कुणी कधी पाहिलं नाही, ज्याचं शेपूट आखूड की लांब यावर अजून एकमत नाही, त्याला आंघोळ घालावी की घालू नये यावरून माझी आणि तिवोयची लहानपणापासूनची दोस्ती मोडली. 'बाजारात तुरी' म्हणतात ते हेच. फरक इतकाच, की आमच्या तुरी बाजारातसुद्धा नव्हत्या. त्या रेडिओत होत्या, आणि तो रेडिओ बंद पडूनही जमाना झाला होता.

तिवोय, म्हणजे प्रिमितिवो, माझा भिंतीला भिंत शेजारी. माझ्या पोरीच्या बाप्तिस्म्याला त्यानेच तिला हातांवर घेतलं होतं, तेव्हापासून मी त्याला 'पारे' म्हणतो आणि तो मला. हे नातं सख्ख्या भावापेक्षा नाजूक. भावाशी भांडलात तर लोक म्हणतात, चालायचंच. पण पारेशी भांडलात, की तुम्ही चर्चमधली मेणबत्ती चोरल्यासारखी आख्खी गल्ली तुमच्याकडे बघते. तिवोय जन्मभर जीपनी, म्हणजे आमच्याकडची लांबट जीपगाडी, भाड्याने प्रवासी घेऊन चालवत आला. मी सान पाब्लोच्या पाणीपुरवठा कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो. त्याची बायको वारली होती, मुलगी तिकडे बर्फाच्या देशात, विनिपेगला. घरात सोबतीला एक कोंबडा, कर्नल. झुंजीत एक डोळा गमावून कर्नलही निवृत्त झाला होता, आणि निवृत्त माणसाच्या रिवाजाप्रमाणे नको त्या वेळी तोंड उघडायचा. याबद्दल मी आमच्या वसाहतीच्या संघाकडे लेखी तक्रारसुद्धा केली होती. ती पुढे माझ्याच अंगाशी येणार होती, पण तेव्हा काय माहीत!

तर एका संध्याकाळी माझ्या दारासमोरच्या सांतोलच्या झाडाखाली, बाकावर आम्ही दोघं बसलो होतो. कर्नल तिवोयच्या मांडीवर. त्याच्या पाठीवरून हात फिरवता फिरवता तिवोय एकदम म्हणाला, "पारे, त्या उलिंगावला पुढे खायला कुणी घातलं असेल रे?"

आम्ही पोरं होतो तेव्हा दुपारी रेडिओवर 'दहा चंद्रांची दरी' लागायची. गल्लीतला एकुलता एक रेडिओ रुफिनाच्या आईच्या दुकानात; ते आता रुफिनाच चालवते. आम्ही दुकानाच्या जाळीला नाक लावून ऐकायचो. घरी जाईपर्यंत नाकावर चौकटी राहायच्या. त्या दरीत नाना तऱ्हेचे प्राणी. दव पिऊन जगणारा हामोगी, रडला की विहीर भरणारा बालुंतो, आणि सगळ्यांचा लाडका उलिंगाव. कोळसा खायचा, तोंडातून आग काढायचा, पण स्वभावाने इतका भित्रा की पाल दिसली तरी धन्याच्या मागे लपायचा. एका दुपारी धनी त्याला नदीकाठी म्हणाला, "इथेच थांब, आलोच." आणि दुसऱ्या दिवसापासून मालिका बंद! त्या वेळेला साबणाच्या जाहिराती आणि गाणी. का बंद झाली ते कुणी सांगितलं नाही. आम्ही मोठे झालो, लग्नं केली, केस पिकले, आणि उलिंगाव आपला तिथेच नदीकाठी.

"कोळसा खातो ना तो? नदीकाठी कसला आलाय कोळसा," मी म्हणालो.

"मी तरी तेच म्हणतोय! कुणाला काही काळजी?" तिवोयच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मीही सदऱ्याच्या टोकाने डोळे पुसले. दोन म्हातारे एका नसलेल्या जनावरासाठी रडताहेत हे बघून माझी बायको फेली दारातून म्हणाली, "एवढी काळजी घरातल्या माणसांची केली असतीत तर संत झाला असतात."

तिथेच ठरलं. दरीतल्या प्रत्येक प्राण्याची निगा कशी राखायची, याची मार्गदर्शिका करायची. काय खायला घालावं, कुठे झोपवावं, ताप आला तर काय करावं. रुफिनाची सून जेरलिन बालवाडीत शिकवते. तिने ती मोबाइलवर सगळ्यांना दिसेल अशी चढवली. नियम एकच केला, आणि तो मीच सुचवला, हे आज सांगताना जीव तुटतो. नियम असा, की आम्ही दोघांनी या बाकावर बसून मान डोलावल्याशिवाय मार्गदर्शिकेतली एक ओळही बदलायची नाही.

मला वाटलं होतं, ही मालिका आठवणारे जगात आम्ही दोघंच उरलोय. कसचं काय! दावाओहून, सेबूहून, जेद्दाहून, मिलानहून लोक लिहायला लागले. परदेशात म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या आमच्या बायका, जहाजांवरचे खलाशी. एकाने लिहिलं, हामोगीला सर्दी झाली तर आल्याचं गरम पाणी द्यावं. दुसरीने लिहिलं, बालुंतोच्या पिल्लाचं परक्या माणसाने कौतुक केलं की त्याचं पोट दुखतं, म्हणून त्या माणसाकडून त्याच्या पोटाला थुंकी लावून घ्यावी. तांदळाची पेज तर प्रत्येक प्राण्याच्या प्रत्येक आजारावर होती. तिवोय एकेक वाचायचा आणि म्हणायचा, "बघ पारे, इतकी माणसं आहेत. आता काही त्याची आबाळ होत नाही." ते दिवस फार चांगले गेले. तिथेच थांबायला हवं होतं.

पण आमच्याकडे तीन माणसं जमली की चौथ्याला खजिनदार केल्याशिवाय चैन पडत नाही. जेरलिन म्हणाली, "काका, पदाधिकारी नकोत का निवडायला?" लगेच फळा आला. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार, हिशेबतपासनीस, प्रसिद्धिप्रमुख, शिस्तप्रमुख आणि शाळेपासूनच्या प्रथेप्रमाणे सौंदर्यवती. खजिना नव्हता तरी खजिनदार आणि त्याच्यावर तपासनीस. अध्यक्ष मीच होणार, यात मला शंका नव्हती. कचेरीत मी मसुदे लिहायचो. माझ्या एका वाक्यात तीन 'तथापि' सहज मावतात. म्हणून विनयाने मी माझं नाव सुचवलं नाही. कुणीच सुचवलं नाही. तिवोय अध्यक्ष झाला, गल्लीतल्या निम्म्या पोरांना त्याने जीपनीतून फुकट शाळेत सोडलं होतं ना! मी शिस्तप्रमुख. सौंदर्यवती म्हणून आख्ख्या गल्लीची आलिंग, म्हणजे मावशी, रुफिना बिनविरोध निवडून आली. तिला आता दात तीन, पण दुकानातली उधारी सगळ्यांची.

"शिस्तप्रमुखाचं काम काय असतं गं?" मी जेरलिनला विचारलं.

"सभेत कुणी भांडायला लागलं तर त्याला बाहेर काढायचं, काका."

आणि भांडलं कोण? मीच.

त्याआधी फलकाचं प्रकरण झालं. पदाधिकारी झाले म्हणजे त्यांच्या चेहऱ्यांचा मोठा प्लास्टिकचा फलक लागलाच पाहिजे, त्याशिवाय निवडणूक झाली असं आमच्याकडे कुणी मानत नाही. फलकावर मधोमध तिवोय आणि कर्नल, कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा मी, आणि वर ठळक अक्षरांत: 'प्राण्यांची निगा: मोफत मार्गदर्शन'. कुठले प्राणी ते लिहायला जागा उरली नाही, कारण सौंदर्यवतीचा फोटो उभा नाही, आडवा होता. फलक लावला माझ्या गेटला, कारण तिवोयच्या गेटला गंज.

दुसऱ्या दिवशी दार उघडतो तर बाहेर रांग! कुत्री, मांजरं, टोपलीत बदकं, एक गृहस्थ तर म्हैस घेऊन आलेले. "सायब, ही चार दिवस खात नाही," म्हणाले. मी सांगत होतो, अहो, हे खऱ्या जनावरांसाठी नाही. ते म्हणाले, "मग खोट्यांची निगा राखून काय करणार?" शेवटी तिवोय आला. त्याने म्हशीच्या पोटावर हात फिरवला, कानात काहीतरी बोलला, आणि ती माझ्या बायकोची सगळी केळीची पानं खाऊन गेली. मग पालिकेकडून एक तरुण साहेब आला आणि परवाना मागू लागला. प्राणी काल्पनिक आहेत, असं मी त्याला लेखी दिलं. तो म्हणाला, "काल्पनिक प्राण्यांसाठी आमच्याकडे रकाना नाही, तुम्ही 'इतर पक्षी'मध्ये भरा." मी भरलं. उलिंगाव कागदोपत्री पक्षी झाला. तिवोय आठवडाभर हसत होता, आणि मला ते लागलं.

मग निघाली आंघोळ.

उलिंगावच्या पानावर मी माझ्या सगळ्या नोकरीचा अनुभव ओतून लिहिलं: 'आग ओकून झाल्यावर प्राण्याचे अंग तापलेले असते, तथापि, त्यास तत्काळ गार पाण्याने आंघोळ घालावी.' बाकावर सभा भरली होती. तिवोय एरवी मान डोलावून मोकळा व्हायचा. त्या दिवशी त्याची मान हलेना.

"पारे, तापलेल्या अंगावर पाणी? पास्मा होईल त्याला!"

आता हे पास्माचं आमच्याकडे फार. इस्त्री केली, लगेच हात धुऊ नका. उन्हातून आलात, लगेच नळाखाली जाऊ नका. नाहीतर पास्मा होतो, हात थरथरतात, शिरा फुगतात, माणूस कामातून जातो. मी आयुष्यभर गावाला पाणी पुरवलेला माणूस. पाण्याने कुणाचं वाईट होतं, हे मी कसं ऐकून घेणार?

"अरे, त्याच्या पोटात आग आहे! त्याला कसला पास्मा?"

"म्हणून तर जास्त होणार," आलिंग रुफिना म्हणाली.

"निदान अर्धा तास थांब की," बायको म्हणाली. माझी बायको! सख्खी!

"शास्त्रात पास्मा नावाचा रोग नाही," मी उभा राहून म्हणालो.

"शास्त्रात उलिंगाव तरी आहे का?" तिवोय म्हणाला, आणि सगळे हसले. तो चांगल्या मनाने बोलला होता. आज कळतं. त्या वेळी मला फक्त ते हसणारे चेहरे दिसले, आणि मी शिस्तप्रमुख या नात्याने स्वतःलाच सभेबाहेर काढलं.

प्रकरण इथे मिटलं असतं. पण हात दाखवून अवलक्षण करून घेणं हा माझा जुना छंद. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटून सगळे परतत असताना मी भर उन्हात छपरावर चढलो, दोन तास पत्रे ठोकले, घामाने निथळत खाली उतरलो आणि गल्लीच्या साक्षीने गार पाण्याची बादली डोक्यावर ओतून घेतली. "बघा!" मी ओरडलो. "काय झालं मला?" तेव्हा काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र अंग फणफणलं, आणि हात असे थरथरायला लागले की चमचा तोंडाऐवजी कानाकडे जाई.

"साथ आहे," मी बायकोला सांगितलं.

"हो, एकाच घरात आलीय," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिवोय दारात आला. एका हातात आल्याच्या गरम पाण्याचं भांडं, दुसऱ्या हातात चोळायच्या तेलाची बाटली. मागे कर्नल. "पारे, तळपायांना लावून देतो, पालथा झोप," म्हणाला. मला वाटलं, आला जिंकलेला माणूस बक्षीस न्यायला. मी पांघरुणातून म्हणालो, "अध्यक्षांनी त्रास घेऊ नये," आणि फेलीला दार लावायला सांगितलं. तिने लावलं नाही. मग मी स्वतः उठून, थरथरत, लावलं. भांडं आणि बाटली तो पायरीवर ठेवून गेला. वाफ दिसत होती खिडकीतून, बराच वेळ.

बरा झाल्यावर मी बारांगायच्या, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या, कचेरीत अर्ज दिला. शेजाऱ्यांचा तंटा आमच्याकडे आधी तिथे मिटवावा लागतो; काप म्हणजे आमचे कापितान, वॉर्डाचे प्रमुख, मध्ये बसतात. तिवोयने हजर होऊन टोपी मांडीवर ठेवली.

"कशाबद्दल तंटा?" काप म्हणाले.

"जनावराच्या आंघोळीबद्दल," मी.

"जनावर कुणाचं?"

"दोघांचं," तिवोय म्हणाला.

"कुणाचंच नाही," मी म्हणालो.

"सध्या आहे कुठे?"

आम्ही दोघंही एकदमच म्हणालो, "नदीकाठी."

काप जरा सावरून बसले. "कुठली नदी? आपल्या हद्दीत येते का? का खालच्या बारांगायच्या? कारण तिकडचं असेल तर कागद तिकडे पाठवावे लागतील." मग त्यांनी जेरलिनकडून सगळं समजून घेतलं आणि म्हणाले, "मीपण ऐकायचो ती मालिका. पण पास्मा तर होणारच की हो!" झालं. तिवोय हसला, हात पुढे केला. मी हात खिशात घालून उठलो. दारापाशी वळायचं मनात होतं. पण पाय चालत सुटले होते, त्यांना कोण थांबवणार.

तिवोय कायमचा विनिपेगला मुलीकडे जाणार, हे मला रुफिनाच्या दुकानात मीठ घेताना कळलं. लेकीने कागदपत्रं कधीची केली होती, तो आजवर टाळत होता. "आता कशासाठी थांबू, म्हणाला," रुफिनाने सांगितलं आणि मिठाची पुडी माझ्यासमोर आपटली.

निरोपाच्या जेवणाला आख्खी गल्ली. आमच्याकडे पारेला आमंत्रण लागत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. पण भांडलेल्या पारेला लागतं की नाही, याचा नियम मला कुठे सापडला नाही. मी भरतकामाचा चांगला सदरा घालून, केसांना तेल लावून, पडद्याआड खुर्चीवर बसून राहिलो. कुणी हाक मारली असती तर लगेच उठता यावं म्हणून बूटसुद्धा घातले होते. पलीकडे गाण्याचं यंत्र लागलं, डुक्कर भाजल्याचा वास आला, हसणं आलं. हाक आली नाही. रुफिना एकदा खिडकीशी येऊन म्हणाली, "हाकेची वाट बघतोयस? तो तिकडे गेटकडे बघत बसलाय!" मी म्हणालो, "मला कुठे जायचंय?" बूट खुर्चीखाली ओढून घेतले.

फेली येताना पानात बांधून घेऊन आली. "तिवोयने तुझ्यासाठी काढून ठेवलंय. कुणाला हात लावू दिला नाही." भाजलेल्या डुकराची सगळ्यात कुरकुरीत कातडी, मानेजवळची. पोरपणापासून तिच्यावरून आमची मारामारी व्हायची. मी म्हणालो, भूक नाही. सकाळी खाल्ली. चामट झाली होती.

जायच्या दिवशी मी मनाशी सगळं ठरवलं होतं. गाडीचा आवाज आला की सहज, अंगण झाडायला म्हणून बाहेर यायचं. नजरानजर झाली की 'निघालास?' म्हणायचं. पुढचं तो बघेल. गाडीचा आवाज आला. आणि झाडू सापडेना! न्हाणीत नाही, मागच्या दारी नाही. रिकाम्या हाताने गेलो तर निरोपच द्यायला आल्यासारखं दिसलं असतं. "फेली, झाडू कुठंय?" मी ओरडतोय, आणि ती बाहेर रडत उभी, झाडू तिच्याच हातात. मी धावत आलो तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळत होती. मागच्या काचेतून एक टोपी दिसली, एवढंच.

आणि माझ्या गेटला दोरीने बांधलेला कर्नल.

घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं! चिठ्ठी नाही, चपाटी नाही, काय खातो, कुठे झोपतो, काही नाही. बिनकोळशाच्या नदीकाठी उलिंगाव काय खाईल यावर ज्याने पानंच्या पानं लिहिली, तो मी त्या एकाक्ष कोंबड्यासमोर उकिडवा बसून म्हणत होतो, "काय देऊ रे तुला?" त्याने शाबूत डोळा माझ्याकडून फिरवला आणि कोपऱ्याकडे लावला, गाडी वळली होती तिकडे.

कर्नल खाईना. मका नको, तांदूळ नको, पेज नको. आरवेनासुद्धा, आणि त्याच्या आरवण्याबद्दल मीच केलेल्या तक्रारीवरून वसाहतीच्या संघाने काढलेली कोंबडेबंदीची नोटीस नेमकी आता माझ्या दारावर चिकटली. मजकूर माझ्या तक्रारीतूनच उचललेला, म्हणजे मसुदा माझाच होता. फार सुंदर उतरला होता, तीन 'तथापि'. रुफिना म्हणाली, "झाडाखालच्या वारुळाला 'जरा बाजूला हं' न म्हणताच बांधलंस त्याला, तिथे राहणारे अदृश्य लोक रागावले असतील." वारुळासमोर वाकून तेही म्हटलं. शेवटी गपचूप मार्गदर्शिकेवर प्रश्न टाकला: एका डोळ्याचा कोंबडा, धनी परदेशी, खात नाही, काय करावं? मिलानहून उत्तर आलं: 'हा प्राणी दरीत नाही. कृपया काल्पनिक प्राणी टाकू नयेत.'

मग मी ते केलं. भर दुपारी तो उन्हात धापा टाकत होता, बिचाऱ्याला बरं वाटेल म्हणून मी त्याच्यावर गार पाणी ओतलं. संध्याकाळपर्यंत तो पिसं फुगवून, मान छातीत घालून, थरथरत बसला.

फेलीने बघितलं. ती ओरडली नाही, तेच वाईट. "सेल्मो," ती म्हणाली, "हा मेला तर त्या माणसाचं इथे काय उरलं? फोन कर."

"काय सांगू त्याला?"

"खरं."

सकाळी बाकावर फोन उभा केला, कर्नलला फडक्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. तिवोय दिसला. घरात असून कानटोपी, बंडीवर बंडी, मागे पांढरी खिडकी. वाळला होता. मी कचेरीत असतो तसा घसा साफ केला, आणि सगळा मसुदा विसरलो.

"पारे, मी त्याला आंघोळ घातली. उन्हातून आल्या आल्या. चुकलं माझं."

तो फोनच्या अगदी जवळ सरकला. मग म्हणाला, "कुठला पाय गार लागतोय?"

"दोन्ही."

"आल्याचं पाणी कर. कोमट. चमच्याने नाही, बोटाने पाज. पायांना तेल चोळ, बाटली तुझ्याच पायरीवर ठेवली होती, बघ. आणि रे, त्याला ताटलीत नको देऊस. तो हातावरचं खातो. तळहातावर."

मी तळहातावर मक्याचे दाणे घेतले. कर्नलने मान काढली, पण दाण्यांकडे बघेना. फोनमधून तिवोयने जिभेने टकटक केलं, नेहमीसारखं. तशी कर्नल फडक्यातून उतरला, लटपटत फोनपाशी गेला, काचेवर चोच मारली. मग फोनला वळसा घालून मागे गेला.

"काय करतोय?" तिवोयने विचारलं. "मला दिसत नाही."

"फोनच्या मागे बघतोय. तू तिथे आहेस का ते."

तिवोयने कानटोपी डोळ्यांवर ओढली.

"आणि तू काय करतोयस, पारे?"

"मीपण तेच," मी म्हणालो, आणि मला रडू फुटलं. फेली दारात होती. तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"तब्येतीला जप," थोड्या वेळाने मी म्हणालो. "घामाने तापलेला असताना आंघोळ करू नकोस."

"इथे घामच येत नाही रे," तिवोय म्हणाला. "पास्मा कुठून होणार!" आम्ही दोघंही हसलो, पण ते हसणं फार लांबलं नाही.

कर्नल जगला. आता माझ्या हातावरचं खातो, माझ्याच खिडकीखाली नको त्या वेळी आरवतो, आणि संघाच्या नोटिशीला मी उलट उत्तर लिहितोय; माझ्याच मसुद्यातल्या चुका काढतोय, जड जातंय. परवा जेरलिनला म्हणालो, "पोरी, उलिंगावच्या पानावरची ती ओळ काढून टाक. 'तापलेल्या अंगावर पाणी घालू नये' असं लिही."

तिने मोबाइल उघडला आणि परत ठेवून दिला. मग म्हणाली, "काका, नियम तुमचाच आहे. दोघांनी बाकावर बसून मान डोलवायला लागते."

"फोनवर नाही का चालणार?"

"तिवोयकाकांना विचारलं मी. नको म्हणाले. बाकावरच बसून करू, म्हणाले. तोवर कुणी हात लावायचा नाही त्या ओळीला. आलोच म्हणाले."

तेव्हा आमच्या मार्गदर्शिकेत अजून तसंच आहे: उलिंगावला तत्काळ गार पाण्याने आंघोळ घालावी. कुणी वाचत असाल तर कृपा करून घालू नका. ते चूक आहे. पण दुरुस्त करायला दोघं लागतात, आणि मी रोज संध्याकाळी बाकाचं एक टोक मोकळं ठेवून बसतो.